कामात लक्ष टिकत नाही, चार दिवस सुधारतं आणि परत तेच: आधी नेमकं कुठे तुटतंय ते शोधा

तक्रार साधारण सगळ्यांची सारखीच असते. सकाळी ऑफिसला आलो, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडलं, खरेदीच्या बिलांचा गठ्ठा समोर घेतला, दहा-बारा एन्ट्र्या होतात न होतात तोच हात मोबाईलकडे, मग उगाच दुसरी फाईल उघडून बघितली, मग चहा, मग कोणाचा तरी फोन, आणि जेवायच्या सुट्टीला बघावं तर अर्धा गठ्ठा जसाच्या तसा. मग माणूस वैतागतो आणि उपाय सुरू करतो. कोणी फोकसचं अ‍ॅप टाकतं, कोणी पहाटे पाचला उठायला लागतं, कोणी बदाम भिजत घालतं. चार-पाच दिवस एकदम झकास चालतं आणि मग अकरा तारीख जवळ येते, जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या जीएसटी रिटर्नची पळापळ सुरू होते की सगळं मुसळ केरात.

उदाहरणं सगळी अकाउंट्सच्या कामातलीच देतोय कारण रोज तेच बघतो, पण डेटा एन्ट्री, बिलिंग, पेपर तपासणं, रिपोर्ट लिहिणं असलं कुठलंही बसून करायचं काम घ्या, फार फरक पडणार नाही.

लक्ष न लागणं हे ताप येण्यासारखं आहे. ताप कशाचा ते न बघता गोळी दिली की उतरतो आणि रात्री परत चढतो. सुरुवातच न होणारा माणूस, दर दहा मिनिटांनी स्वतःच उठणारा माणूस, ज्याला बाकीचे सुखाने बसू देत नाहीत तो माणूस आणि तीन वाजता डोळे मिटायला लागणारा माणूस, चौघंही म्हणणार 'लक्षच लागत नाही बघ', आणि चौघांना आपण सांगणार की पंचवीस मिनिटांचा टायमर लाव. त्यातल्या एकाला फायदा होईल, बाकीचे तिघं आठवड्यात सोडून देतील आणि वर स्वतःलाच शिव्या घालतील की आपल्यात चिकाटीच नाही.

म्हणून आधी दोन-तीन दिवस काहीच सुधारायचं नाही, नुसतं टिपायचं. टेबलावर एक पाठकोरा कागद ठेवा, लक्ष तुटलं की वेळ आणि दोन शब्द लिहा, '११:१० पार्टीचा फोन' (पार्टी म्हणजे आपला क्लायंट किंवा ज्याच्याशी व्यवहार आहे तो व्यापारी), '११:४० कंटाळा, मोबाईल', '३:०५ झोप', बास. हे मोबाईलमध्ये लिहू नका, लिहायला म्हणून हातात घेतलेला मोबाईल खाली कधी जातो ते तुम्हालाही माहितीये. हा कागद नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही, कारण वाचताना प्रत्येकच कारण आपलं वाटतं.

कागदासोबत अजून एक गोष्ट बघा, जी कोणी बघत नाही: तुमच्या चुका. चुका कुठल्या जातीच्या आहेत त्यावरून लक्ष कसं सुटलं ते बऱ्यापैकी कळतं. पार्टीच्या लेजरशी (खात्याच्या उताऱ्याशी) किंवा २बी शी (जीएसटी पोर्टलवर दिसणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीशी) जुळवताना जो फरक येतो त्याला आधी नऊने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर बहुतेक वेळा आकडे उलटे पडलेले असतात, १२,५४० चं १२,४५० झालं की फरक ९०, आणि ९० ला नऊने भाग जातो. जुन्या मुनीमजींची ही ट्रिक आहे, अजूनही चालते. हात एन्ट्री करतोय पण डोकं दुसरीकडे आहे, म्हणजे कंटाळा किंवा झोप, तेव्हा ही चूक जास्त होते. फरक जर एखाद्या बिलाच्या रकमेएवढाच निघाला तर बिल सुटलंय किंवा दोनदा चढलंय, आणि ते साधारणपणे तेव्हा होतं जेव्हा मधेच कोणीतरी उठवलंय आणि परत बसताना आपण कुठे होतो ते आठवलेलं नाही. फरक रकमेच्या दुप्पट असेल तर बाजू चुकलीये, जमेचं नावे. महिन्याभराच्या चुका अशा वेगळ्या काढून ठेवा, आपल्याला नेमकं काय नडतंय ते कागदापेक्षाही आधी कळेल.

आता एकेक बिघाड घेऊ.

सुरुवातच होत नाही

यात आळस कमी असतो, काम धूसर असतं ही जास्त अडचण. 'अमुक पार्टीचं वर्षाचं रेको करायचंय' (रेको म्हणजे रिकन्सिलिएशन, दोन्हीकडचे हिशेब जुळवणं) असं डायरीत लिहिलं की त्याकडे बघूनच चहा प्यावासा वाटतो, कारण ते एक काम नाहीच, त्यात चाळीस कामं आहेत. त्याऐवजी 'एप्रिलचं स्टेटमेंट डाऊनलोड करून एक्सेलमध्ये घेणे' एवढंच लिहा, जे काही विचार न करता हातांना सुरू करता येईल असं. आणि हे सकाळी लिहू नका, आदल्या दिवशी संध्याकाळी निघताना लिहा. त्याला कारण आहे: अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घोळत राहतं हे ब्लुमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ सालीच दाखवलं होतं, आणि २०११ मध्ये मासिकांपो आणि बाउमायस्टर यांनी प्रयोग करून दाखवलं की काम पूर्ण न करताही ते कधी-कसं करणार याचा नुसता पक्का प्लॅन केला तरी ते डोक्यात टोचायचं बरंच कमी होतं. म्हणजे संध्याकाळच्या त्या एका ओळीने रात्रीची जेवणंही जरा शांत होतात.

स्वतःच उठताय, मोबाईल

हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि सगळ्यात जास्त फालतू सल्लेही इथेच मिळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाईन कॅम्पसमधल्या ग्लोरिया मार्क गेली वीसेक वर्षं ऑफिसमधल्या लोकांचं लक्ष मोजतायत. त्यांच्या मोजणीत २००४ च्या सुमाराला माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता, अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आलंय. आणि यातला बराच व्यत्यय दुसऱ्याने आणलेला नसतो, आपला आपणच आणतो. बाहेरून सतत कोणी हलवलं की सवयच लागते, मग कोणी हलवत नसलं तर आपणच स्वतःला हलवतो.

मोबाईल उलटा ठेवला, सायलेंट केला, याने काम होतं असं वाटतं पण २०१७ मध्ये एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, त्यात फोन टेबलावर, खिशात-बॅगेत आणि दुसऱ्या खोलीत असे तीन गट केले होते. दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांचं काम टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं, फोन वाजलेला नसतानाही. नंतर इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा सगळ्यांना तेवढा फरक मिळाला नाही हेही खरं, पण फोन लांब ठेवायला काही खर्च नाही त्यामुळे करून बघा.

आता इथे लोक म्हणतात ओटीपी येतो, फोन लांब ठेवून कसं चालेल. बरोबर आहे, आपल्या धंद्यात ही खरी अडचण आहे आणि पुस्तकी सल्ले देणाऱ्यांना ती माहितीच नसते. रिटर्न ईव्हीसीने, म्हणजे सहीऐवजी ओटीपी टाकून फाईल करायचं तर ओटीपी पार्टीच्या मोबाईलवर जातो, पार्टी असते दुकानात गिऱ्हाईकाशी बोलत, आपण फोन करतो 'आला का बघा ना', ती म्हणते नाही आला, परत पाठवा, तोपर्यंत आपण हातातलं काम सोडलेलं असतं, आणि असं दिवसातून पंधरा वेळा. याला उपाय एकच, ओटीपीची कामं विखुरलेली ठेवायची नाहीत. दिवसभर सगळ्यांचे रिटर्न तयार करून ठेवा, सेव्ह करा, आणि फाईल करायला एक ठरलेला तास काढा, समजा चार ते पाच. पार्ट्यांना सकाळीच एक मेसेज टाकून ठेवा, 'आज चार ते पाचमध्ये ओटीपी येईल, फोन जवळ ठेवा'. पहिल्या महिन्यात निम्मे लोक ऐकणार नाहीत, दुसऱ्या महिन्यापासून बऱ्यापैकी ऐकतात, कारण दिवसभर आपले फोन घेऊन तेही वैतागलेले असतात. त्या एका तासात मोबाईल खुशाल हातात ठेवा, बाकी वेळ ड्रॉवरमध्ये किंवा बॅगेत चेन लावून.

स्वतःच्या फोनवर येणारे ओटीपी असतील तर अँड्रॉइडवर गुगल मेसेजेस कॉम्प्युटरवर उघडता येतं, ओटीपी तिथेच दिसतो, फोन उचलावा लागत नाही. फक्त शेजारच्या टॅबमध्ये व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवलंत तर सगळं पाण्यात.

घरून काही इमर्जन्सी आली तर काय, हा दुसरा प्रश्न, आणि रास्त आहे. डू नॉट डिस्टर्ब लावताना घरच्यांना स्टार करून ठेवा, त्यांचे कॉल येऊ द्या असं सेटिंग आहे. वर 'रिपीट कॉलर' पण चालू ठेवा, म्हणजे कोणीही लागोपाठ दुसऱ्यांदा फोन केला तर वाजतो, अँड्रॉइडवर त्यासाठी पंधरा मिनिटांची मुदत असते, आयफोनवर तीन मिनिटांची. घरी सांगून ठेवा की अर्जंट असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा. एवढं केलं की मनातली धाकधूक जाते, आणि दर थोड्या वेळाने मोबाईल बघण्यामागे निम्मी ती धाकधूकच असते. फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप हे कायमचे म्यूट, यावर चर्चा नको.

दुसरे उठवतात

साहेबांनी हाक मारली, पार्टी दारात उभी, शेजारच्याला एखाद्या मालाचा एचएसएन कोड (जीएसटीतला वर्गीकरणाचा नंबर) विचारायचाय. हे बंद होणार नाही आणि ऑफिसात बसून बंद व्हावं अशी अपेक्षाही करू नये. इथे बघायचं ते परत येणं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर गेलं की लक्षाचा काही भाग मागच्याच कामाला चिकटून राहतो, म्हणजे साहेबांसमोर बसून आपण निम्मे त्या बिलातच असतो, आणि परत आलो की निम्मे साहेबांच्या बोलण्यात. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम यांनी त्यावर साधा उपाय तपासला: उठण्याआधी कुठवर आलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं हे झटकन लिहून ठेवायचं. फरक पडतो.

आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे पेन्सिल. बिलावर टिक करायची ती एन्ट्री सेव्ह झाल्यावरच, आधी नाही, हा नियम एकदा मोडला की मग टिक असलेलं बिल चढलंय की नाही यावर विश्वास उरत नाही. कोणी हाक मारली तर मान वर करायच्या आधी चालू बिलावर तिरकी रेघ मारा किंवा ते गठ्ठ्यात आडवं ठेवा. दोन सेकंद लागतात. 'सर, एवढं बिल चढवतो आणि आलोच' असं म्हटलेलं बहुतेक साहेबांना चालतं, जे ओरडतात ते कसंही ओरडतातच.

ग्लोरिया मार्क यांचाच २००८ चा एक अभ्यास आहे, त्यात मजेशीर गोष्ट निघाली की व्यत्यय आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, वाया गेलेला वेळ भरून काढायला ते हात भराभर चालवतात, पण ताण, वैताग आणि दमणूक वाढली. म्हणून संध्याकाळी काम तर संपलं पण डोकं भणभणतंय असं होतं, आणि घरी गेल्यावर ज्याच्यावर राग निघतो त्या बिचाऱ्याला माहितीही नसतं की हे कशाचं आहे.

शेजारी कोणी फोनवर मोठ्याने बोलत असेल तर त्याचा त्रास पंख्याच्या घरघरीपेक्षा किती तरी जास्त होतो, कारण कळणाऱ्या शब्दांकडे कान जातोच. त्याच कारणाने वाचायचं-लिहायचं काम करताना गाणी ऐकायची असतील तर शब्द नसलेली ऐका. नुसत्या ठरावीक साच्याच्या एन्ट्र्या करताना मात्र गाणी चालतात, काही जणांना मदतच होते, ज्याचं त्याने बघावं.

अर्ध्या तासाने सुस्तावतं

एकाच प्रकारच्या एन्ट्र्या, एकामागून एक. यात तुमची काही चूक नाही, माणूस असाच आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांच्या नजरेतून खुणा सुटायला लागल्या म्हणून नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारखं एक यंत्र करून लोकांना दोन-दोन तास त्याच्याकडे बघत बसवलं, १९४८ मध्ये ते छापून आलं, आणि दिसलं असं की पहिल्या अर्ध्या तासातच खुणा सुटायला लागतात. युद्धात जीव पणाला लागलेला असूनही जे टिकत नव्हतं ते आपलं खरेदीच्या बिलांवर तीन तास कुठून टिकणार.

इथे टायमरवालं पोमोडोरो खरंच चालतं, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं उठणं, उठणं म्हणजे पाणी प्यायला जाणं, मोबाईल नव्हे. किंवा कामाची जात बदला, अर्धा तास खरेदी, मग थोडं फायलिंग, मग परत. पण रेको किंवा एखादी न जुळणारी बॅलन्स शीट घेऊन बसलात तर टायमर लावू नका. तिथे सगळे धागे डोक्यात यायलाच वीस मिनिटं जातात, आणि नेमकं सापडायला लागलं की घंटी वाजते, याच्यासारखा मूर्खपणा नाही. त्या कामाला दीड-दोन तास सलग काढा, शक्यतो सकाळी.

तीन वाजताची झोप

दुपारची सुस्ती जेवणामुळेच येते असं नाही, शरीराच्या घड्याळात दुपारी एक उतार असतोच, जेवलं नाही तरी येतो. भात आणि वर गोड जास्त झालं की तो खोल होतो एवढंच. त्यामुळे त्या वेळेत आकडे जुळवायचं काम ठेवूच नका, पार्ट्यांना फोन करायचे, कागद लावायचे, स्कॅनिंग करायचं असली उठबशीची कामं तिथे टाका. खुर्चीत पंधरा मिनिटं डोळे मिटायची सोय असेल तर मिटा, त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर उठल्यावर तासभर जड वाटतं.

एक गोष्ट ऑफिसात कोणी बघत नाही ती म्हणजे हवा. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. छोटी केबिन, सहा माणसं, काचा बंद, आणि चार तासांनी सगळ्यांचं डोकं जड. २०१२ मध्ये एका प्रयोगात कार्बन डायऑक्साईडचं प्रमाण ६०० वरून १,००० आणि २,५०० पीपीएमवर नेल्यावर लोकांचं निर्णय घेणं घसरलेलं दिसलं होतं. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसं दिसलं नाही, त्यामुळे मी त्यावर पैज लावणार नाही, पण जेवायच्या सुट्टीत एसी बंद करून दार-खिडक्या उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. करून बघा आणि तुमच्या कागदावर तीनच्या पुढच्या नोंदी बदलतात का ते बघा.

चहा: शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, कोणाला कमी, कोणाला जास्त. सहाचा कडक चहा रात्री अकरालाही थोडा आत असतो. चारनंतरचा बंद करा. झोप सुधारली की बाकीचं बरंचसं सुधारतं.

दिवसभर धुकं असेल तर

कागदावर विशिष्ट वेळच दिसत नसेल, सकाळपासूनच सगळं मंद, पायऱ्या चढताना दम लागतोय, झोप होऊनही दमलेलं वाटतंय, तर टायमर आणि ड्रॉवर सोडा आणि डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड यांच्या तपासण्या ते सांगतील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय निघाला होता, आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातले मध्यमवयीन पुरुष तपासले तर साधारण दोन तृतीयांशांचं बी-१२ कमी होतं. म्हणजे हे कोपऱ्यातलं दुर्मिळ कारण नाही. घरचे सांगत असतील की घोरता आणि मधेच श्वास अडकतो, तर तेही डॉक्टरांना सांगा. मेडिकलमधून मनानेच गोळ्या नकोत आणि टीव्हीवरचं ब्रेन टॉनिक तर नकोच नको. आणि शाळेपासूनच असं आहे, वस्तू हरवणं, एका जागी न बसवणं, सगळं शेवटच्या क्षणाला, तर एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि चंचलतेचा विकार) असू शकतं, त्याच्या निदानात लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का हे बघतात, ते मानसोपचारतज्ज्ञाचं काम.

परत का येतं

कारण महिन्यातल्या काही तारखांना आपणच सगळं मोडतो. अकरा तारखेला जीएसटीआर-१, वीसला ३बी (कर भरायचं महिन्याचं रिटर्न), त्यात जुलैमध्ये इन्कम टॅक्सची गर्दी. त्या दिवशी ओटीपीचा ठरलेला तास राहत नाही, मोबाईल टेबलावर येतो आणि तो एकवीस तारखेलाही तिथेच असतो, बावीसलाही. अ‍ॅप बंद पडलं म्हणून किंवा इच्छाशक्ती कमी पडली म्हणून जुनी सवय परतत नाही, मोडलेली घडी परत कधी बसवायची हे ठरलेलं नसतं म्हणून परतते. तर ते ठरवा. कॅलेंडरवर बारा आणि एकवीस तारखेला सकाळची नोंद टाका, 'फोन ड्रॉवरमध्ये, ओटीपी चारला'.

आणि प्रत्यक्ष वीस तारखेला एकाग्रता वगैरे विसरा. त्या दिवशी ती कोणालाच मिळत नाही, पोर्टल पण नीट चालेल याची खात्री नसते. तेव्हा फक्त चुका बाहेर जाऊ नयेत एवढं बघायचं: कर भरायचा आकडा एकाने काढला की दुसऱ्याने मोठ्याने वाचून जुळवायचा, चलन बनवताना हेड, म्हणजे कराचा प्रकार तपासायचा, आयजीएसटीचं सीजीएसटीत गेलं तर निस्तरताना अजून एक दिवस जातो. जमलं तर नवीन बिलं त्या दिवशी चढवूच नका, ती बावीसला चढवली तरी चालतात.